फिब्युला: पिन, ब्रोच की चाप?

प्रश्न: प्राचीन रोमवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात 'फिब्युला' हा शब्द सारखा येतो. शब्दकोशात पायाचं हाड सापडतं, नाहीतर 'ब्रोच'. सैनिकाच्या खांद्यावर, घोंगडी अडकवायला, दोन्ही शोभत नाहीत. काय लिहू?

– सरळ 'सेफ्टी पिन' लिहा की. वस्तू तीच आहे.

– रचना तीच, कबूल. पण सेफ्टी पिनचं पेटंट वॉल्टर हंटने घेतलं १८४९ मध्ये, अमेरिकेत. फिब्युला इ.स.पू. १३व्या शतकाच्या आसपासची. रोमन सैनिकाला सेफ्टी पिन लावली की वाचक हसणार. आणि 'ब्रोच' तर नकोच. ब्रोच काढला तरी पदर जागेवर राहतो. फिब्युला काढली की सैनिकाची घोंगडी खाली. ती आधी कामाची वस्तू, दागिना नंतर. लॅटिनमध्येही मूळ अर्थ अडकवण्याचा, जोडण्याचाच आहे. हाडाला ते नाव मिळालं तेही नडगीशेजारी ते अशा पिनेसारखं दिसतं म्हणून.

माझं मत 'चाप'. केसांचा चाप आपण रोज म्हणतो, त्यात स्प्रिंगचा ताण आपोआप येतो. शिवाय संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य, आणि फिब्युलाच्या वरच्या कमानीला अभ्यासकही धनुष्यच म्हणतात. सगळ्यात जुना प्रकार मात्र व्हायोलिनच्या गजासारखा, जवळजवळ सपाट.

– 'चाप' आवडला, पण सगळीकडे चालवू नका. ग्रीक 'पेरोने' वेगळी: ती बहुधा लांब, सरळ, टोकदार. पेप्लोस नावाचं लोकरी वस्त्र बायका दोन्ही खांद्यांवर अशा काट्यांनी अडकवत. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेली गोष्ट आठवा. एजिना बेटावरच्या मोहिमेतून एकच अथेन्सकर जिवंत परतला. 'आमचे नवरे कुठे?' विचारत बायकांनी त्याला याच काट्यांनी भोसकून मारलं. मग अथेन्सने बायकांचा वेशच बदलला, काटे न लागणारा तागाचा आयोनियन खितोन (अंगरखा) आणला. सोफोक्लीसच्या नाटकातला ईडिपस राजाही बायको योकास्ताच्या वस्त्रावरचे सोन्याचे काटे उपसून डोळे फोडून घेतो. तिथे 'चाप' लिहिलात तर प्रसंगाची धारच जाईल.

– एक जोड. रोमजवळच्या प्राएनेस्ते (आजचं पालेस्त्रिना) इथली म्हणून ओळखली जाणारी सोन्याची फिब्युला १८८७ मध्ये जगासमोर आली. तिच्यावर उजवीकडून डावीकडे कोरलंय: 'मानिओसने मला नुमासिओससाठी घडवलं.' लॅटिनच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक. बनावट म्हणून बराच काळ वाद झाला. २०११ मध्ये सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीतून ती खरी ठरली. चाप स्वतःच बोलतोय, तेव्हा अनुवादात 'मला' गाळू नका.

प्रश्नकर्ती: ठरलं. पहिल्यांदा 'फिब्युला (खांद्याचा चाप)', पुढे नुसता 'चाप', आणि ग्रीक प्रसंगांत 'काटा'. याच लेखात मुलांच्या गळ्यातला 'बुल्ला' आहे. ताईत म्हणू?

– बेलाशक म्हणा. स्वतंत्र नागरिकांच्या मुलग्यांना दृष्ट लागू नये म्हणून घालत. श्रीमंतांचा सोन्याचा, गरिबांचा चामड्याचा. वयात आल्यावर पुरुषाचा टोगा (अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र) घेताना तो घरच्या देवांना वाहायचा. मुलींच्या गळ्यात 'लुनुला' असे. तिला चंद्रकोर म्हणा, आकारही तोच आहे.