अनुवादित पुस्तकं आणि त्यावरून घातलेले वाद : तुमचे अनुभव लिहा

पानगळ : काल भाची 'पाडस' वाचत होती. कितीही हाका मारा, हूं नाही की चूं नाही. शेवटची पानं आणि डोळे लाल. मला आमचा जुना वाचनगट आठवला. राम पटवर्धनांच्या याच अनुवादावरून आमच्यात कडाक्याचं भांडण झालं होतं. पाडसानं मक्याचं पीक खाल्लं म्हणून ते पाळणाऱ्या ज्योडीच्या आईनं बंदूक उचलावी का? एक मैत्रीण आईच्या बाजूनं. फ्लोरिडाच्या त्या रानात पीक गेलं की घरादाराला उपास, असं तिचं म्हणणं. दुसरी तिच्याशी कितीतरी दिवस धड बोलली नाही. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, परक्या मुलखातलं पुस्तक चार जणांत वाचावं. भांडलो की ती माणसं ओळखीची होतात. तुम्ही काय वाचलंत, कुणाबरोबर?

खारूताई : अगं, शेवट सांगून टाकलास! लेक अजून मध्यावर आहे, त्याला हा धागा दाखवत नाही 😄
सासूबाईंना दिसेनासं झालं तेव्हा मी 'अ‍ॅना कॅरेनिना' इंग्रजीतून वाचत मराठीत सांगायचे. अ‍ॅनाचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. पण त्यातला जमीनदार लेव्हिन मजुरांच्या ओळीत गवत कापायला उतरतो ना, तिथे त्या उठून बसल्या. कसं कापतोय याचा विचार आला की त्याचा हात बिघडतो, भान सुटलं की पातं आपसूक चालतं. म्हणाल्या, "हे लिहिणाऱ्यानं स्वतः कापलंय." जन्म शेतात गेलेला त्यांचा. ते प्रकरण परत परत वाचायला लावलं.

निवांत : काकूंनी बरोब्बर ओळखलं. टॉल्स्टॉय यास्नाया पोल्यानात, म्हणजे स्वतःच्या जहागिरीत, शेतकऱ्यांबरोबर खरंच कापणीला जायचा.

उंबरठा : आमच्याकडे 'अ डॉल्स हाउस'. नोरानं मुलं टाकून जावं का, यावर सगळे तावातावानं बोलत होते. १८७९चं नाटक! जर्मनीतल्या प्रयोगासाठी इब्सेनला स्वतःच शेवट बदलून द्यावा लागला होता, त्यात ती मुलांकडे बघून थांबते. हे मी सांगत असताना, गटात कधीच न बोलणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "ती गेली यात नवल नाही. आठ वर्षं राहिली कशी, ते विचारा." पुढे कुणाला काही सुचेना. मावशी मात्र त्या दिवसापासून बोलायला लागल्या.

पानगळ : उंबरठा, मावशींना माझा नमस्कार सांग 🙏

चांदणचुरा : बाळ मांडीवर आहे, एका हातानं टाइप करतेय. 'ब्रदर्स करामाझोव'मधली नावं कशी लक्षात ठेवता? दिमित्री मध्येच मित्या होतो, अलेक्सेई अल्योशा.

निवांत : मधलं नाव बघ. फ्योदोरोविच म्हणजे फ्योदोरचा मुलगा, आपण मध्ये वडिलांचं नाव लावतो तसंच. तिघं भाऊ लगेच सापडतील. मित्या, अल्योशा ही घरची हाक. बाळ कितीचं?

चांदणचुरा : पाच महिन्यांचं. आत्ता झोपलं, हलायची सोय नाही. थँक्यू दादा!

सांजवेळ : मला अनुवादकांबद्दल बोलायचंय. अनुवादित पुस्तकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराची रक्कम २०१६पासून लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटतात. २०२२ला गीतांजली श्री आणि डेझी रॉकवेल, २०२५ला बानू मुश्ताक आणि दीपा भास्ती. तरी कितीतरी मुखपृष्ठांवर अनुवादकाचं नाव शोधून सापडत नाही. फार वाईट वाटतं. आम्ही गटात चर्चा सुरू करताना ते नाव आधी घेतो.

खारूताई : +१. पुलंचं 'एका कोळियाने' आठवा. हेमिंग्वेइतकेच पुलं आठवतात.

रानवाट : विषय थोडा सोडून विचारतेय. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मोठ्या अक्षरातलं काही सुचवा ना. 'पॅपिलॉन' रवींद्र गुर्जरांचं, तोंडपाठ आहे त्यांना.

निवांत : ई-बुक घे, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. चेकॉव्हच्या कथा बघ, एका बैठकीत संपतात. डोळ्यांना ताण नाही.

रानवाट : चालेल. मीही त्यांच्याबरोबर वाचेन. भांडायला कुणीतरी हवंच त्यांना 😊