आईचं वॉल्व्हचं ऑपरेशन छोट्या कटमधून, पण बंद पडलेलं हार्ट तेवढा वेळ जगतं कसं?

गंगावेसकर
नमस्कार मंडळी. आई ५४ वर्षांची. लहानपणी ताप येऊन सांधे धरायचे तिचे, त्याचंच पुढं रुमॅटिक झालं म्हणे, आता मायट्रल वॉल्व्ह, म्हणजे हार्टच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधला पडदा, आखडलाय, वर लीक पण आहे, बदलायलाच लागणार. सर्जन म्हणाले छाती मधोमध न उघडता उजवीकडनं बरगड्यांच्या मधून करू, पाच-सहा सेंटीमीटरचा कट. घरात सगळे खूश, मावशीनं तर आठवड्यात घरी आणायचं पण ठरवून टाकलं. मी विचारलं हार्ट बंद करणार का, तर म्हणाले हो, दीड तास तरी. तिथंच माझं डोकं फिरलं. मशीन बाकीच्या अंगाला रक्त देतं हे समजलं ओ, पण हार्टच्या स्वतःच्या मांसाला त्या दीड तासात कोण रक्त देतं? 'कार्डिओप्लेजिया देतो' एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडं गेले. रंकाळ्यावर येऊन बसलोय, कुणाला माहीत असलं तर साध्या भाषेत सांगा.

शिरोली_फौंड्री
भावा घाबरू नको, माझा एऑर्टिक वॉल्व्ह, म्हणजे महाधमनीच्या तोंडावरचा, बदललाय, मधोमध कापून. मला सांगितलेलं की हार्टवर बर्फाचा चुरा टाकतात आणि गार ठेवतात. पण तुमच्या त्या एवढ्याशा कटमधून बर्फ कसा टाकणार हे मलाबी कोडंच आहे.

पंप_ताई
मी परफ्युजनिस्ट, म्हणजे ते हार्ट-लंग मशीन चालवणारी. माहेर राजारामपुरी, नोकरी पुण्यात. जरा लांबण लागेल.

हार्टला रक्त देणाऱ्या कोरोनरी नसा महाधमनी जिथं सुरू होते तिथनंच निघतात. आम्ही महाधमनीला चिमटा लावतो, क्लॅम्प म्हणतो त्याला, तो लागला की मशीनचं रक्त कोरोनरीत जायचं बंद. मग क्लॅम्प आणि हार्टच्या मधल्या तुकड्यात सुई घालून गार, पोटॅशियमवालं औषध सोडतो, हेच ते कार्डिओप्लेजिया, ते कोरोनरीतनं मांसात पसरतं आणि हार्ट ढिलं पडून थांबतं. थांबवण्यातच खरी गंमत आहे. पैलवान आखाड्यात जोर मारतोय तेव्हाचा खुराक आणि तोच झोपलाय तेव्हाचा खुराक, केवढा फरक? धडधडणाऱ्या हार्टच्या १०० ग्रॅम मांसाला मिनिटाला ८ ते १० मिली ऑक्सिजन लागतो, थांबलं की १ मिलीच्या आसपास, आणि गार केलं की त्याहून कमी. म्हणजे मोठी बचत थांबवण्यानं होते, गारव्यानं वरची थोडी. लोकांना उलटं वाटतं.

फौंड्रीवाले दादा, बर्फाचं बरोबर ओळखलंत, छोट्या कटमधून तो नीट टाकता येत नाही, म्हणून सगळी भिस्त आतनं दिलेल्या औषधावर. नेहमीचं रक्तमिश्रित कार्डिओप्लेजिया दर वीसेक मिनिटांनी परत द्यायला लागतं आणि मायट्रलच्या कामात तिथंच घोळ होतो. वॉल्व्ह दिसावा म्हणून डावा कप्पा हुकानं ओढून धरलेला असतो, त्या ताणानं शेजारचा एऑर्टिक वॉल्व्ह वाकडा होतो आणि दिलेलं औषध कोरोनरीत जायच्या ऐवजी हार्टच्या आत गळतं. मग हूक सैल करा, डोस द्या, परत ओढा. म्हणून एकदाच द्यायचं औषध बऱ्याच सर्जनना आवडतं. डेल निडो म्हणून एक आहे, १९९० च्या दशकात अमेरिकेत पिट्सबर्गला लहान मुलांच्या हार्टसाठी काढलेलं, त्यात पोटॅशियमबरोबर लिडोकेन आणि मॅग्नेशियम असतं, एका डोसवर साधारण तास-दीड तास निघतो. दुसरं एचटीके, ते अजून जास्त वेळ चालतं पण लिटरभर तरी द्यायला लागतं आणि रक्तातलं सोडियम उतरतं, त्याकडं माझं लक्ष लागून राहतं.

हार्ट पूर्ण डोळ्यांसमोर नसल्यामुळं ईसीजीच्या पट्टीवर नजर ठेवायची. रेघ सपाट पाहिजे, जरा हलली की सर्जनना सांगायचं आणि डोस द्यायचा. अन्ननलिकेतनं घातलेला इको असतोच. शिवाय आत हवा राहू नये म्हणून कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, कारण उजव्या कोरोनरीचं तोंड वरच्या अंगाला असतं, हवेचा बुडबुडा पहिला तिकडंच पळतो आणि मग उजवी बाजू रुसते.

गंगावेसकर
ताई लई उपकार झाले. म्हणजे मोठा कटच सेफ का मग?

पंप_ताई
तसं नाही. छोट्या कटमध्ये क्लॅम्पचा वेळ बहुतेक वेळा जास्त जातो, हे खरं. पण हात बसलेली टीम असेल तर हार्ट तितकंच नीट राहतं. म्हणून कट किती सेंटीमीटर हे विचारण्यापेक्षा असली ऑपरेशनं तुम्ही किती केलीत हे विचारा, त्यात लाजायचं काय नाही. आणि एऑर्टिक वॉल्व्ह लीक आहे का हे नक्की विचारा. मगाशी ताणानं गळतं म्हणाले ना, मुळातच लीक असेल तर पहिल्याच डोसला तसं होतं, मग वेगळा बेत लागतो. कोरोनरीची अँजिओग्राफी आणि जांघेतल्या नसांचा सीटी झालाय का तेही बघा, कारण मशीनच्या नळ्या जांघेतनं जाणार. आणि मधेच छाती उघडायला लागली तर सर्जन चुकले असं घरी कुणी म्हणू नका.

शिरोली_फौंड्री
आमच्या भट्टीचं पण असंच ओ, चालू असताना कमी गोंधळ, बंद करून परत पेटवायची तेव्हा खरी परीक्षा.

पंप_ताई
अगदी! क्लॅम्प काढून गरम रक्त आत गेल्यावर पहिली काही मिनिटं मी कुणाशी बोलत नाही.

गंगावेसकर
आज परत भेटलो. एऑर्टिकला लीक अगदी किरकोळ आहे म्हणाले, अँजिओग्राफी शुक्रवारी, सीटी त्यानंतर. किती केलीत हे विचारल्यावर डॉक्टर हसले, पण आकडा सांगितला आणि खुर्ची ओढून बसून बोलले. आता आईचा एक प्रश्न आहे, तिनं मुद्दाम लिहायला सांगितलंय. हार्ट बंद असताना स्वप्नं पडतात का?

शिरोली_फौंड्री
मला काय पडली नाहीत बाबा. जाग आल्यावर तहान मात्र अशी लागलेली की पंचगंगा पिऊन टाकली असती. नर्सनं ओला कापूस ओठाला लावला, तेवढाच.