मदत हवी आहे : सतरा वर्षांच्या मुलाचा वजनांचा व्यायाम, घरचे शाकाहारी जेवण आणि जिममधली चिठ्ठी

नमस्कार.

माझा मुलगा सतरा वर्षांचा असून यंदा बारावीला आहे. त्याची उंची १७१ सेंटीमीटर आणि वजन ५२ किलो आहे. आम्ही यावल तालुक्यात राहतो, घरची केळीची बाग आहे, मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि आमच्या घरात अंडी-मांस शिजत नाही. जून महिन्यापासून तो तालुक्याच्या गावी एका जिममध्ये जाऊ लागला. त्याच्या जाण्याला माझा विरोध नव्हता आणि आजही नाही, कारण वर्गातली मुले त्याला 'काडी' म्हणून हाक मारत होती आणि त्याचे त्याला काय वाटत होते ते मी पाहिले आहे. मात्र चार महिने एकही दिवस न चुकवता त्याचे वजन जेमतेम दीड किलो वाढले, आणि आता त्याला वाटू लागले आहे की घरच्या जेवणाने काही होणार नाही.

गेल्या आठवड्यात त्याची पॅन्ट धुवायला टाकताना खिशात एक चिठ्ठी सापडली. ती ट्रेनरच्या हस्ताक्षरातली होती. मास गेनर ३ किलो, क्रिएटिन, प्री-वर्कआउट अशा वजन-ताकद वाढवण्याच्या पावडरी, प्रत्येकापुढे किंमत, आणि सगळ्यात खाली लिहिलेले होते : 'कोर्स – दिवाळीनंतर'. हा कोर्स म्हणजे एखादा अभ्यासक्रम असावा अशीच माझी समजूत झाली होती. मुलाला विचारले तेव्हा त्याने खाली मान घालून सांगितले की ती इंजेक्शने असतात, मोठी मुले घेतात, आणि आपण 'हो' म्हटलेले नाही. तो खोटे बोलत नाही यावर माझा विश्वास आहे; पण 'नाही' म्हटल्याचेही त्याने सांगितले नाही, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या जिमचे नाव मी येथे लिहीत नाही.

त्याला नुसते रागावून उपयोग नाही, त्याच्यासमोर काही हिशेब ठेवायला हवा, असे वाटून मी तीन दिवस त्याच्या पानातले सगळे स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर मोजले. पीठ, डाळ, दाणे हे सर्व कच्चे असताना तोलले. रात्री तो कळण्याच्या दोन भाकरी खातो. आमच्याकडे कळण्यात तीन वाटे ज्वारी आणि एक वाटा उडीद असतो, त्यामुळे १६० ग्रॅम पिठातून साधारण २० ग्रॅम प्रथिने मिळतात. डब्यातल्या तीन पोळ्यांची ९, उडदाच्या वरणाची ९, दाण्याच्या चटणीची ५ आणि एक पेला दुधाची ८. भाज्या व केळी यांतून मिळणारी अगदी थोडी धरली नाहीत, तर एकूण ५० ग्रॅमच्या आसपास. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात १६ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम सांगितली आहेत, म्हणजे आम्ही फार मागे नाही. पण ट्रेनर म्हणतो की वजनाच्या दुप्पट, म्हणजे १०४ ग्रॅम पाहिजेत. याच संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा असे स्पष्ट लिहिले आहे, आणि जिममधला प्रत्येक मुलगा हातात शेकर घेऊन उभा असतो. माझ्या मुलाने यातल्या कोणाचे ऐकावे?

त्याचे व्यायामाचे वेळापत्रकही मला पटत नाही, जरी त्यातले मला फारसे कळत नसले तरी. आठवड्यातून सहा दिवस, सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, आणि दंडाचे बायसेप्स जवळजवळ रोज. पाय शनिवारी, आणि शनिवारी बागेत काम निघाले की पाय राहतातच. केळीच्या कापणीच्या दिवसांत तो वडिलांबरोबर घड वाहतो. एकेक घड वीस-पंचवीस किलोंचा असतो आणि तो खांद्यावर घेऊन तो गाडीपर्यंत नेतो. त्याचे वडील म्हणतात, यापेक्षा मोठा व्यायाम कोणता? सासूबाईंना भीती आहे की वजने उचलल्याने मुलाची उंची खुंटेल, आणि तरीही रोज रात्री त्या मला सांगतात, 'पोऱ्याले अजून एक भाकर वाढ.'

मला जाणकारांकडून जाणून घ्यायचे आहे की पावडरीवाचून, आमच्याच स्वयंपाकघरातून त्याची गरज भागेल काय; या वयात आठवड्यातून किती दिवस आणि कोणता व्यायाम योग्य; आणि घड वाहणे व्यायामात धरायचे की नाही. त्या 'कोर्स'बद्दल मी त्याला काय सांगावे, हे सर्वांत महत्त्वाचे. भीती घालून नव्हे, कारण सांगून.

प्रतिसाद

ताई, नमस्कार. मी धुळ्याचा. लहानपणी तालमीत जोर-बैठका मारल्या, पुढे वजनांकडे वळलो आणि आता काही वर्षे नवशिक्या मुलांना शिकवतो. आपण चिठ्ठीतल्या शेवटच्या ओळीला घाबरलात ते योग्यच आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

जिममध्ये 'कोर्स' म्हणतात तो ॲनाबॉलिक स्टेरॉइड्सचा, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकासारख्या औषधांचा. मुलाला एवढेच सांगा की त्याचे शरीर आज स्वतःच टेस्टोस्टेरॉन तयार करीत आहे आणि या वयात ते भरपूर तयार होते. बाहेरून टोचले की मेंदू तो कारखाना बंद करण्याचा निरोप देतो, वृषणे आकसतात, आणि कोर्स थांबल्यावर तो कारखाना पूर्ववत सुरू होईलच असे नाही. हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या असतात, त्या या औषधांनी वेळेआधी बंद होऊ शकतात आणि मग उंची तेथेच थांबते. चेहऱ्यावर व पाठीवर पुरळ, छातीला स्तनांसारखी सूज, रक्तदाब व कोलेस्टेरॉलची गडबड, मनाचा चिडचिडेपणा, हे सगळे वेगळेच. सासूबाईंची भीती खरी आहे, पण ती वजनांच्या बाबतीत नव्हे, या सुईच्या बाबतीत. योग्य पद्धतीने आणि देखरेखीखाली केलेल्या वजनांच्या व्यायामाने मुलांची वाढ खुंटत नाही; अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० मध्ये तो या वयात सुरक्षित असल्याचे सांगितले आहे. याच संघटनेचे क्रिएटिनसारख्या गोष्टींबद्दल मात्र अठरा वर्षांखालच्या मुलांना परावृत्त करण्याचे धोरण आहे. क्रिएटिन हे स्टेरॉइड नव्हे, मोठ्यांमध्ये त्याचा चांगला अभ्यास झालेला आहे. पण त्याला आज त्याची गरज नाही. प्री-वर्कआउटमध्ये प्रामुख्याने कॅफिन असते. बारावीच्या मुलाने संध्याकाळी ते घेऊन झोप घालवणे म्हणजे केलेला व्यायाम वाया घालवणे होय, कारण या वयात आठ ते दहा तास झोप लागते.

आता आपल्या हिशेबाकडे. तो फार चांगला केला आहे. संस्थेचा आकडा सर्वसाधारण मुलासाठी आहे, तर स्नायू वाढवण्यासाठी व्यायाम करणाऱ्यांना क्रीडा-आहाराचे तज्ज्ञ किलोमागे १.४ ते २ ग्रॅम सांगतात, आणि २०१८ मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले तेव्हा सुमारे १.६ ग्रॅमनंतर वाढीव प्रथिनांचा फारसा फायदा दिसला नाही. म्हणजे ट्रेनर वरच्या टोकाचा आकडा सांगतो आहे. आपल्या मुलाला ८३ ग्रॅम पुष्कळ झाले, आणि आपण ५० वर आहात. उरलेल्या तीस-तेहतीस ग्रॅमसाठी पावडरीचा डबा विकत आणायचे कारण नाही. म्हशीचे ३०० मिलीलिटर दूध वाढवा, त्यातून ११ मिळतील. सकाळी ५० ग्रॅम भिजवलेले हरभरे, त्यातून ९-१०. चाळीस ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, त्यातून आणखी ९-१०. ज्या दिवशी हे जमणार नाही त्या दिवशी ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांची भाजी करा; एवढ्या एका भाजीत सुमारे २५ ग्रॅम असतात. कळण्याची भाकरी तर सोडूच नका. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हा आवश्यक घटक कमी असतो आणि डाळीत तो भरपूर असतो, म्हणून ज्वारी-उडीद एकत्र दळण्याची आपली पद्धत पोषणाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे.

मात्र वजन न वाढण्याचे खरे कारण प्रथिने नसून एकूण अन्न कमी पडणे हे असावे, असे मला आपल्या यादीवरून वाटते. तीन पोळ्यांऐवजी चार खाणे त्याला जड जात असेल तर पिण्यातून द्या : दोन केळी, ३०० मिलीलिटर म्हशीचे दूध आणि ४० ग्रॅम दाणे एकत्र फिरवले तर साडेसहाशेच्या वर उष्मांक होतात. गेनरच्या डब्यातही बहुतांशी माल्टोडेक्सट्रिन नावाचा पिष्टमय पदार्थच असतो, आणि तुमच्या बागेत तर केळी आहेत. (वर सांगितलेले दूध आणि दाणे यातच धरावेत, ते वेगळे नकोत.) महिन्याला अर्धा ते एक किलो वाढ हे चांगले लक्षण समजावे, त्याहून घाईने वाढवलेले वजन पोटावर जाते. आणखी एक करा. शाकाहारी मुलांमध्ये बी-१२ कमी असण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या.

व्यायामाचे सहा दिवस तीनावर आणा : सोमवार, बुधवार, शुक्रवार, आणि प्रत्येक दिवशी पूर्ण शरीर. स्क्वॅट (खांद्यावर रॉड घेऊन बैठक), बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून वजन वर ढकलणे) किंवा जोर, रोइंग (वजन पोटाकडे ओढणे), खांद्यावरून वर ढकलणे, आणि कंबरेतून वाकून उचलण्याचा डेडलिफ्ट. प्रत्येकाचे दोन-तीन सेट (फेऱ्या), सेटमध्ये ८ ते १२ रिप्स (आवर्तने), आणि अजून दोन निघाल्या असत्या असे वाटत असतानाच थांबायचे. पहिले तीन आठवडे नुसता रॉड. सगळ्या सेटमध्ये बारा रिप्स फॉर्म, म्हणजे उचलण्याची पद्धत, न बिघडता निघू लागल्या की अडीच किलो वाढवायचे, आणि हे सगळे वहीत लिहायचे. वही नसेल तर आपण वाढत आहोत की नाही ते कळत नाही, आणि मग मुले आरशावर विश्वास ठेवतात. बायसेप्सचे दोन सेट शेवटी करू द्या, त्याचे मन मोडू नका.

घड वाहणे ही मेहनत आहे, तिने दम वाढतो. पण वजन दरवेळी तेवढेच आणि भार एकाच खांद्यावर, त्यामुळे स्नायू वाढवण्याचा व्यायाम म्हणून ते पुरत नाही. कापणीच्या दिवशी स्क्वॅट व डेडलिफ्ट करू नयेत, दुसऱ्या दिवशीही कंबर आखडलेली असेल तर नकोच, आणि वडिलांनी त्याला खांदा बदलायला सांगावे. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४४ च्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या जिममध्ये त्याहून अधिक तापते, तेव्हा व्यायाम पहाटे आणि सोबत मीठ घातलेले ताक.

धागाकर्तीचे उत्तर

दादा, आपले मनापासून आभार. काल रात्री हे सर्व मी त्याला मोठ्याने वाचून दाखवले. वाढीच्या पट्ट्यांचे वाक्य त्याने मला दोनदा वाचायला लावले, आणि मग स्वतःहून म्हणाला की उद्या ट्रेनरला 'नाही' सांगून येतो. यजमान त्याच्याबरोबर जाणार होते, पण त्याने एकट्यानेच जायचे ठरवले. ट्रेनरने वाद घातला नाही, फक्त आता तो त्याच्याकडे लक्ष देणार नाही असे दिसते. त्यामुळे डेडलिफ्ट कोणाच्या नजरेखाली शिकावा, ही नवी अडचण आहे. यावल, फैजपूर किंवा भुसावळकडे मुलांना पद्धत शिकवणारे, आणि काहीही न विकणारे कोणी असतील तर कृपया येथे कळवावे.

शनिवारी रक्त तपासून घ्यायला जाणार आहोत. वही आजच आणली. पहिल्या पानावर त्याने लिहिले आहे : स्क्वॅट, नुसता रॉड, १०, १०, ८.