चार वर्षांच्या मुलाची मान: सी-टू खरंच सरकलाय का?

तालुका_एमओ: ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळी. चार वर्षांचा मुलगा, बापापुढे बाइकच्या टाकीवर बसलेला, गाडी घसरली. शुद्धीवर आहे, हातपाय छान हलवतो, पण मानेला हात लावू देत नाही. लॅटरल (बाजूने काढलेल्या) एक्स-रेत सी-टू, म्हणजे मानेचा दुसरा मणका, हा सी-थ्रीच्या (तिसऱ्याच्या) पुढे ३ मिमी. ओडोंटॉइडच्या (सी-टूवरच्या खुंटीसारख्या हाडाच्या) बुडाशी काळी आडवी रेघही दिसते. कॉलर घातलीय. इथे सीटी नाही. फ्रॅक्चर धरू का?

काळी_फिल्म: रेडिओलॉजीत मुलांच्या मानेइतकं फसवं दुसरं काही नाही. आठ वर्षांखाली लिगामेंट (हाडं बांधणारे पट्टे) सैल, फॅसेट (मणक्यांमधले मागचे छोटे सांधे) आडवे, डोकं जड. मान वाकते ती सी-टू–सी-थ्रीपाशी; मोठ्यांत तो बिंदू सी-फाइव्ह–सी-सिक्सला जातो. त्यामुळे एवढं सरकणं निरोगी पोरांतही दिसतं, त्याला स्यूडोसबलक्सेशन, म्हणजे खोटं सरकणं, म्हणतात.

फिल्मवर पट्टी ठेवा. सी-वन आणि सी-थ्रीच्या स्पायनस प्रोसेसच्या (मणक्याच्या मागच्या टोकाच्या) मुळाशी पुढच्या बाजूला जी पांढरी कड दिसते, त्या दोन्ही कडा जोडा. ही रेडिओलॉजिस्ट स्विशुकची रेषा, १९७७ सालची. सी-टूची तशीच कड रेषेपासून २ मिमीपेक्षा जास्त मागे राहिली, तर हँगमन फ्रॅक्चरचा (सी-टूची मागची कमान मोडल्याचा) संशय घ्या.

काळी रेघ बहुधा वाढीची कूर्चा असेल, ती साधारण सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत जुळते. पण या वयात ओडोंटॉइड मोडतो तोही तिथूनच, तेव्हा तो पुढे कललाय का ते बघा. मणक्यांपुढच्या मऊ भागाची सूज मी रडणाऱ्या पोरात फारशी मनावर घेत नाही, श्वास सोडतानाही तो भाग फुगतो.

बालरोगवाली: रेषा जुळली म्हणून कॉलर काढू नका हं! १९८२ मध्ये पँग आणि विल्बर्गर या न्यूरोसर्जननी अशाच मुलांचं वर्णन केलं: एक्स-रे स्वच्छ, मज्जारज्जूला मात्र इजा. लक्षणं कधी काही तासांनी, कधी दोन-चार दिवसांनी येतात. आईला विचारा, पडल्यावर क्षणभर हात लुळा पडला होता का, मुंग्या आल्या असं काही म्हणाला का. उत्तर 'हो' असेल तर एमआरआयच.

तालुका_एमओ: रेषेपासून सी-टू जेमतेम १ मिमी. ओडोंटॉइड सरळ. आई म्हणते, हाताचं तसं काही झालं नाही. दुखणं मात्र आहेच.

काळी_फिल्म: मग फिल्म स्यूडोसबलक्सेशनचीच वाटते. तरी दुखतंय तोवर मान 'क्लिअर' (इजा नाही) म्हणून लिहू नका. कॉलरसकट जिल्ह्याला पाठवा, चिठ्ठीत दोन्ही मापं टाका. आणि सांगा, एक्स-रे सपाट फळीवर काढला का? या वयात डोक्याचा मागचा भाग एवढा मोठा असतो की फळीवर मान आपोआप पुढे वाकते, आणि सी-टू आणखी सरकलेला दिसतो.

तालुका_एमओ: हो, फळीवरच.

काळी_फिल्म: अँब्युलन्समध्ये खांद्यांखाली चादरीची घडी सरकवा. कानाचं भोक खांद्याच्या रेषेत आलं की पुरे. सरकवताना एकाने डोकं धरायचं, आणि ते तुम्हीच धरा.