बुटका घोडा आणि त्याच्या सोबतीची शेळी: दोघांना घरी आणावे का?

प्रश्न: अंगणवेल (रॅली, नॉर्थ कॅरोलिना)

नमस्कार मंडळी. आम्ही रॅलीपासून पाऊण तासाच्या अंतरावर अडीच एकर जागेत राहतो. शेजारच्या कौंटीतील एक वृद्ध दांपत्य शेत विकून मुलाकडे राहायला जात आहे, आणि त्यांच्याकडचा 11 वर्षांचा मिनिएचर घोडा व त्याच्या सोबतीला 6 वर्षांपासून असलेली नायजेरियन ड्वार्फ जातीची शेळी अशी जोडी ते आम्हाला देऊ इच्छितात. घोडा खच्ची केलेला असून त्याची उंची 32 इंच आहे. शेळीला शिंगे नाहीत. दोघांची ताटातूट करायची नाही, एवढीच त्यांची अट आहे.

माझ्या यजमानांचे म्हणणे असे की घोडा आणावा आणि शेळीसाठी दुसरे घर पाहावे, कारण एका जनावराची जबाबदारी पेलण्याआधीच दुसरे अंगावर घेणे त्यांना पटत नाही. माझे आजोळ संगमनेरकडचे असल्यामुळे शेळ्या मी लहानपणी जवळून पाहिल्या आहेत, घोडा मात्र यात्रेत पाहिला तेवढाच. आमची मुलगी 9 वर्षांची आहे आणि आपल्याला त्याच्यावर बसता येईल, असे तिने मनाशी धरले आहे. शेताला लाकडाच्या तीन आडव्या पट्ट्यांचे कुंपण आहे, गवत बहुतेक फेस्क्यू आहे, कडेला दोन रेड मेपल आहेत आणि घराला लागून अझेलियाची झुडुपे आहेत. या जोडीला आणण्यापूर्वी काय काय करून ठेवावे आणि शेळीला मागे ठेवणे कितपत योग्य ठरेल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर 1: माळावरची वाट (व्हर्जिनिया)

ताई, माझ्याकडे गेली 12 वर्षे मिनी घोडे आहेत, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. शेळीला मागे ठेवू नका. मी ती चूक केलेली आहे. दुसऱ्या वर्षी मी एक शेळी मैत्रिणीला देऊन टाकली, कारण ती घोड्याच्या शेपटीचे केस चघळून पार बोडके करत असे. त्यानंतर घोडा दिवसभर कुंपणाच्या कडेकडेने येरझाऱ्या घालत राहिला, इतका की तेथील गवत जाऊन मातीची पायवाट पडली, आणि दुसऱ्या दिवशी त्याने वैरणीला तोंड लावणे सोडले. "रुसला आहे, भूक लागली की खाईल," अशी माझी समजूत होती. तिसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात दाखल करावे लागले. त्याच्या रक्तात इतकी चरबी उतरली होती की नळीतले रक्त स्थिर झाल्यावर वर दुधासारखा पांढरा थर दिसत होता. तो वाचला, पण त्या आठवड्यात मी काय भोगले ते माझे मला ठाऊक.

आता कुंपणाविषयी. तुमच्या तीन पट्ट्यांमधून घोडा जाणार नाही, शेळी मात्र पहिल्याच संध्याकाळी बाहेर पडेल. पट्ट्यांच्या आतल्या बाजूने 2 इंच बाय 4 इंच घरांची विणलेली जाळी किमान 4 फूट उंचीपर्यंत लावून घ्या. मोठ्या घरांच्या जाळीत शेळी डोके घालते आणि अडकते, आणि घोड्याची टापही त्यात जाऊ शकते. काटेरी तार अजिबात नको. या जाळीचा दुसरा उपयोग असा की ती कुत्र्यांना अडवते. आपण कायोटीची, म्हणजे इकडच्या कोल्ह्यासारख्या रानटी प्राण्याची, भीती बाळगतो, पण मोकाट सुटलेली शेजारची दोन कुत्रीही 32 इंची घोड्याचा आणि 30 किलोच्या शेळीचा जीव घेऊ शकतात, म्हणून रात्री दोघांना दार लागणाऱ्या तबेल्यात घेणे उत्तम.

मुलीला आताच प्रेमाने समजावून सांगा. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या फार तर पाचव्या हिश्शाइतके ओझे असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. तुमचा घोडा साधारण 95 किलोचा धरला, तर हे ओझे 19 किलो होते आणि तुमची मुलगी त्याहून नक्कीच जड असेल. पण बसता आले नाही म्हणून तिचा हिरमोड होण्याचे कारण नाही. खरारा करणे, मोरकी घालून चालवायला शिकवणे, अडथळ्यांवरून नेणे आणि पुढे रीतसर शिकून त्याला छोट्या गाडीला जुंपणे, एवढे करण्यात तिची शाळकरी वर्षे आनंदात जातील. हे घोडे 25 ते 35 वर्षे जगतात, तेव्हा ती कॉलेजात गेल्यावरही तो तुमच्या दारात असेल, याचा विचार तुम्ही दोघांनी जरूर करावा.

उत्तर 2: निवृत्त पशुवैद्य (सातारा)

वरील ताईंनी सांगितलेला अनुभव फार महत्त्वाचा आहे, म्हणून त्यामागचे कारण स्पष्ट करतो. घोड्याने खाणे सोडले की शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडू लागते. मोठ्या घोड्यात हे प्रमाण सहसा आटोक्यात राहते, पण मिनिएचर घोडे, लहान पोनी आणि गाढवे यांच्यात, विशेषतः ती लठ्ठ असतील तर, हा लोंढा आवरला जात नाही आणि यकृत चरबीने भरून जाते. याला हायपरलिपीमिया म्हणतात. घोडा लठ्ठ आहे म्हणून त्याला उपाशी ठेवणे हा उपाय नसून तोच धोका आहे. वजन उतरवायचे असले तरी त्याच्या वजनाच्या सुमारे दीड टक्का कोरडी वैरण रोज पोटात गेली पाहिजे. म्हणजे 95 किलोच्या घोड्याला साधारण 1 किलो 400 ग्रॅम, आणि ती मापून, दिवसात तीन-चार वेळा विभागून. एक वेळचे खाणे पूर्ण टाकले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

लठ्ठपणा डोळ्यांनी कळत नाही, कारण या घोड्यांची हिवाळी लव इतकी दाट असते की बरगड्या झाकल्या जातात. हाताने पाहावे. आपली मूठ वळून बोटांच्या सांध्यांवरून दुसरा हात फिरवा. घोड्याच्या बरगड्या तशा लागल्या तर तो रोड आहे. आपला हात सरळ करून त्या हाताच्या मागच्या बाजूवर बोटे फिरवल्यावर जसे लागते तसे लागले तर तो ठीक आहे. तळहाताच्या मऊ भागासारखे लागले तर तो लठ्ठ आहे. मानेच्या वरच्या कडेला, आयाळीखाली, चरबीची ताठ वळी हाताला लागली तर लॅमिनायटिसचा धोका आहे असे समजून चालावे. या रोगात खुराच्या आतील हाड धरून ठेवणारा थर सुजतो व सुटू लागतो, आणि घोडा पुढच्या पायांवर भार टाकायला कचरतो. फेस्क्यूसारख्या थंड हवेच्या गवतात, लख्ख ऊन आणि त्यामागून थंडगार रात्र असे दिवस असताना साखर साठते. म्हणून अशा घोड्याला अडीच एकरात मोकळे सोडू नये. गवत नसलेला एक छोटा वाडा आखून घ्यावा आणि चरायला सोडायचेच असेल, तर तोंडाला चराईची जाळी बांधून, रात्र थंडगार गेलेली नसेल तेव्हाच, पहाटेच्या वेळी थोडा वेळ सोडावे. अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास. तो अशा घोड्याला रोजची वैरण म्हणून नको.

आता मी जे सांगणार आहे, ते कृपया कागदावर लिहून तबेल्याच्या दाराला लावा. शेळ्यांच्या काही तयार खाद्यांत रक्ती हगवण रोखण्यासाठी मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. शेळीला ते योग्य मात्रेत चालते, पण घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंवर ते घाला घालते, अगदी थोड्या मात्रेतही, आणि त्यावर उतारा नाही. शेळीच्या खाद्याच्या पिशवीवरील बारीक अक्षरातील मजकूर पूर्ण वाचल्याशिवाय ती पिशवी घरात आणू नका. उलट बाजूने, घोड्याची चंदी शेळीने फस्त केली तर तिला पोटफुगी, आम्लता किंवा आंत्रविषार (आतड्यात विष तयार होण्याचा रोग) होऊ शकतो. दोघांची गव्हाण कधीही एक नसावी. सर्वांत सोपी युक्ती म्हणजे शेळीसाठी 3 ते 4 फूट उंचीचा मजबूत ओटा करणे. शेळी त्यावर उडी मारून चढते आणि घोडा खाली उभा राहतो.

लसीकरणात घोड्यासाठी धनुर्वात, रेबीज, पूर्व व पश्चिम अश्वमेंदूज्वर आणि वेस्ट नाइल या लशी अमेरिकेत सर्व घोड्यांना आवश्यक मानल्या जातात. शेळीला आंत्रविषार व धनुर्वात यांची एकत्रित लस द्यावी. जंतांच्या बाबतीत ही जोडी मोठी सोयीची आहे. शेळीचा घात करणारा रक्तशोषक जंत घोड्याच्या पोटात वाढत नाही, त्यामुळे घोडा चरताना त्या जंताची पिल्ले गिळून कुरण थोडेफार साफच करतो. तरीही शेळीची खालची पापणी दर पंधरवड्याला उघडून पाहावी. लालसर गुलाबी असेल तर उत्तम, पांढुरकी दिसली तर लेंड्यांची तपासणी त्वरित करून घ्यावी. नालबंदाकडून दर 6 ते 8 आठवड्यांनी खूर साळून घ्यावेत आणि वर्षातून एकदा तरी दात तपासून घ्यावेत, कारण या घोड्यांचा जबडा लहान झाला तरी दात त्या मानाने मोठेच राहिले आहेत आणि ते दाटीवाटीने वेडेवाकडे वाढतात.

रेड मेपलची पडून सुकत चाललेली पाने घोड्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. ती झाडे कुंपणाबाहेर राहतील अशी आखणी करा आणि वादळानंतर मोडून पडलेल्या फांद्या लगेच उचला. अझेलिया शेळीला विषारी आहे.

उत्तर 3: वाघर (फलटण)

आमचे घराणे मेंढपाळ धनगरांचे. मी स्वतः नोकरी करतो, पण माझे चुलते अजून दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात. मिनिएचर घोडा मी पाहिलेला नाही, मात्र घोडे आणि शेळ्या एका ठिकाणी कशा राहतात, हे मी जन्मापासून पाहत आलो आहे. आमच्या तट्टांवर सगळे बिऱ्हाड लादलेले असते: भांडी, अंथरुणे, कोंबड्या आणि त्याच आठवड्यात जन्मलेली कोकरे. कळपात दुधासाठी शेळ्या असतातच. या भीमथडी तट्टांना अलीकडेच देशाच्या पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, याचा आम्हाला मोठा आनंद झाला.

मला एवढेच सुचवायचे आहे की आमच्याकडे तट्टू एकटे कधीच नसते आणि शेळीही एकटी कधीच नसते. रात्री वाघर लावून मेंढरे आत घेतली की तट्टे शेजारी शेजारी उभी राहून एकमेकांची मान खाजवतात, आणि शेळ्या एकमेकींना टेकून रवंथ करत बसतात. तट्टाला मान खाजवायला तट्टूच लागते, ते काम शेळीला जमत नाही. घोड्याच्या कानांची आणि शेपटीची भाषा दुसरा घोडा जशी ओळखतो, तशी शेळी ओळखत नाही. म्हणून ताई, ही जोडी अवश्य एकत्र आणा, त्यांची 6 वर्षांची सवय मोडू नका, पण शेळी आहे म्हणजे घोड्याची सोबतीची गरज पूर्ण भागली असे समजू नका. वर्षभरात हात बसला की आधी दुसरी शेळी आणि जमल्यास दुसरा घोडा पाहा. शिवाय दोघांपैकी एक जण आधी जाणारच, आणि वयाचा हिशेब केला तर ती बहुधा शेळी असेल. त्या दिवशी घोडा रिकाम्या वाड्यात एकटा उभा राहू नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर: अंगणवेल

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आम्ही तिघेही शनिवारी त्या शेतावर जाऊन आलो. डॉक्टर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी घोड्याला हाताने तपासून पाहिले. बरगड्या तळहातासारख्या मऊ लागल्या आणि आयाळीखालची वळी ताठ आहे. शेळीच्या खाद्याच्या पिशवीवर खालच्या कोपऱ्यात मोनेन्सिन हा शब्द मला स्वच्छ दिसला. त्या आजोबांना हे माहीत होते. म्हणून गेली 6 वर्षे ते शेळीला खोलीत घेऊन, दाराला कडी लावून, ती खाऊन होईपर्यंत आत उभे राहत असत. आम्ही ती पिशवी घेणार नाही.

आम्ही निघालो तेव्हा ऊन कलले होते. घोडा एक मागचा पाय सैल सोडून डुलक्या घेत उभा होता आणि शेळी त्याच्या पोटाखाली, त्याच्या सावलीत नव्हे तर त्याच्या पायांमधून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात बसली होती. घोड्याने पाय बदलताना आधी मान वळवून खाली पाहिले आणि मगच टाप टेकवली. माझे यजमान बराच वेळ ते पाहत राहिले. गाडीत बसल्यावर त्यांनीच जाळीच्या कुंपणाचा खर्च विचारायला फोन लावला.

दोघांना आम्ही आणतो आहोत, पण जाळी आणि गवत नसलेला वाडा तयार झाल्यावरच. त्यांच्याकडचे आणखी काय मागून घ्यावे?

उत्तर 4: निवृत्त पशुवैद्य (सातारा)

घोडा आता जी वैरण खातो आहे, तिच्या दोन आठवडे पुरतील एवढ्या गासड्या मागून घ्या आणि तुमची वैरण त्यात थोडी थोडी मिसळत 10 दिवसांत बदल पूर्ण करा. एकदम बदलल्यास पोटशूळ उठू शकतो. वैरण उघड्या वाळूवर न टाकता रबरी चटईवर टाका. घोड्याच्या संसर्गजन्य रक्तक्षयाच्या तपासणीचा, म्हणजे कॉगिन्सचा, कागद आणि दोघांच्या लशींच्या नोंदी घ्या. नालबंद शेवटचा कधी आला होता, तेही विचारा. आणताना दोघांना एकाच ट्रेलरमधून आणा, मध्ये आडवी फळी मात्र असू द्या, म्हणजे गाडीने धक्का घेतला तरी शेळी टापांखाली येणार नाही आणि दोघांना एकमेकांचा वास येत राहील.