‘वलयांकित’ कोणाला म्हणायचं?

प्रश्न (सांगलीकर): ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाला आमच्या नाट्यमंडळाची स्मरणिका निघतेय. मुद्रितं मी तपासतेय. एका लेखात आमच्या प्रॉम्प्टर काकांना ‘वलयांकित रंगकर्मी’ म्हटलंय. काका आयुष्यभर विंगेत उभे राहिले, प्रेक्षकांना त्यांचा चेहराही माहीत नाही. पुढच्याच पानावर बालगंधर्वांनाही हेच विशेषण! मला फार खटकतंय. त्याऐवजी ‘तारांकित’ चालेल का?

जुना उपसंपादक: ‘तारांकित’ नको. तो शब्द विधिमंडळाचा आणि हॉटेलांचा. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, वर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर. माणसाला तो लावला की प्रतवारी केल्यासारखं वाटतं.

‘वलयांकित’ बालगंधर्वांना शोभतो, कारण वलय लोकांच्या नजरेतून तयार होतं. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, स्त्रीभूमिकेत रंगमंचावर जसं लुगडं नेसत, जसे दागिने घालत, तसं करण्याची चाल घरंदाज बायकांत पडली होती. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, म्हणजे दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेला ‘मानापमान’ नाटकाचा प्रयोग. धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. नाटक लोकांना ठाऊकच होतं. गर्दी झाली ती या दोघांना एकत्र पाहायला. त्या गर्दीला जे खेचत होतं ते वलय. त्यामागे गाणं होतं, अभिनय होता, पण हा शब्द गुणांविषयी काही सांगत नाही. म्हणून काकांना तो लावून त्यांचा गौरव होत नाही.

बेळगावहून: सहमत. क्रियापदं पाहा: वलय लाभतं, वलय ओसरतं. नामवंत, ज्येष्ठ, व्यासंगी यांचं असं काही ओसरत नाही. ‘प्रसिद्धीच्या झोतात’ तर त्याहून तात्पुरतं, झोत दुसऱ्याच्या हातात असतो. हल्ली मालिकेत चार भाग दिसलेल्यांनाही वर्तमानपत्रं ‘वलयांकित’ म्हणतात, त्याचा मला मनापासून राग येतो.

काकांना विशेषण हवंच कशाला? त्यांनी काय केलं ते लिहा.

सांगलीकर: लेखकांशी बोलले, त्यांना पटलं. आता वाक्य असं आहे: ‘अख्खं नाटक ज्यांना पाठ असायचं आणि नट अडखळण्याआधीच ज्यांचा शब्द पोचायचा, ते आमचे काका.’ बालगंधर्वांच्या पानावर ‘वलयांकित’ तसाच ठेवलाय.