फॅसेट सांध्यालगतची गाठ: रक्तस्राव झालेली सिस्ट की चकतीचा सुटलेला तुकडा?

प्रश्न (रेडिओलॉजी निवासी डॉक्टर)

साठी ओलांडलेल्या एका रुग्ण महिलेच्या एमआरआयबद्दल वरिष्ठांचे मत हवे आहे. कंबरदुखी जुनीच आहे, परंतु उजव्या पायात उतरणारी कळ एकाएकी असह्य झाली. एल-४–एल-५ (कंबरेचा चौथा-पाचवा मणका) पातळीवर उजव्या फॅसेट सांध्याला (मणक्यांना मागून जोडणारा लहान सांधा) लागून, ड्युराबाहेर (मज्जातंतूंभोवतीच्या आवरणाबाहेर), मागच्या बाजूने गोल गाठ दिसते. टी-२ वर (पाणी पांढरे दाखवणारी एमआरआय प्रतिमा) तिची कड काळी आहे, पण आतला भाग पाण्यासारखा पांढराशुभ्र नसून करडा आहे आणि टी-१ वर (चरबी उजळ, पाणी काळे दाखवणारी प्रतिमा) तोच उजळतो. नेहमीची सायनोव्हियल सिस्ट (सांध्याच्या अस्तरातून फुगलेली द्रवाची पिशवी) अशी दिसत नाही. मग हा मणक्यांमधल्या चकतीचा तुकडा किंवा श्वानोमा (मज्जातंतूच्या आवरणाची गाठ) समजावा का?

उत्तर (रेडिओलॉजिस्ट)

गाठीच्या आधी सांधा पाहा. सांध्यात पाणी आहे का, कडा झिजून जाडावल्या आहेत का आणि गाठीचे निमुळते टोक सांध्याच्या फटीकडे जाते का, हे पातळ छेदांवर तपासा. माझ्या मते निदान बहुतेक वेळा तिथेच होते. टी-१ वरील उजळपणा फॅट-सॅच्युरेशननंतरही (चरबीचा उजळपणा दाबणारे तंत्र) टिकला, तर तो चरबीचा नाही. अशा वेळी रक्तस्राव किंवा प्रथिनयुक्त दाट द्रव संभवतो आणि अचानक वाढलेली कळ रक्तस्रावाशी जुळते. गॅडोलिनियमनंतर (शिरेतून दिले जाणारे कॉन्ट्रास्ट द्रव्य) सिस्टची फक्त कड उजळते, घन श्वानोमा आतूनही उजळतो. मात्र चकतीच्या सुटलेल्या तुकड्याभोवतीही अशीच कड दिसू शकते, त्यामुळे केवळ तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये.

उत्तर (रेडिओलॉजिस्ट, दुसरे मत)

वरील मताशी सहमत असून सीटीचा आग्रह धरतो. कडेतील कॅल्शियम आणि आतला वायू सीटीवर स्पष्ट दिसतात. एमआरआयवर दोन्ही काळेच दिसत असल्याने फसगत होते. सांध्यात वायू असून गाठीतही तो सापडला, तर दोघांचा संबंध जवळपास निश्चित समजावा. तरीही शंका उरली, तर सांध्यात कॉन्ट्रास्ट (प्रतिमेत उठून दिसणारे द्रव्य) सोडून तो गाठीत उतरतो का, हे पाहता येते. उतरला नाही, तरी सिस्ट नाही असे मात्र म्हणता येत नाही.

उत्तर (मणक्यांचे शल्यचिकित्सक)

मणका सरकला आहे की नाही, याचा अहवालात उल्लेख अवश्य असावा. एमआरआय झोपवून काढतात, त्यामुळे सरकलेला मणका जागेवर आल्यासारखा दिसू शकतो. म्हणून उभ्याने, पुढे-मागे वाकवून एक्स-रे घ्यावेत. सिस्ट काढणे पुरेसे आहे की मणके जोडावे लागतील, हे ठरवताना आम्हाला त्यांचा मोठा आधार होतो. लघवी अडत असेल, गुदभागाजवळ बधिरपणा असेल किंवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होत असेल, तर पुढील तपासण्यांसाठी न थांबता रुग्णाला त्याच दिवशी आमच्याकडे पाठवावे.